चाकावरचा गोल

आमच्या दादाला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, असं मुळीच नाही. शेजाऱ्यांचा नवा फ्रिज जिन्यातून वर चढवायला पहिला खांदा त्याचाच असतो, आणि वर पोचल्यावर "भारी आहे हं" असं तो मनापासून म्हणतो. त्याला बघवत नाही ती एकच गोष्ट: अप्पांनी दुसऱ्या कुणाच्या पाठीवर दिलेली थाप. आणि गेली काही वर्षं आमच्या वडलांची थाप जिच्या पाठीवर पडते, ती दादाची स्वतःची बायको आहे. त्यामुळे त्याची पंचाईत अशी, की जळायचं तर घरातल्या घरात, आणि जिच्यावर जळायचं तिनेच संध्याकाळी विचारायचं, "काय हो, चेहरा का उतरलाय?"

खाली गॅरेज आणि वर घर. वरच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की खाली कुठला पाना पडला तेसुद्धा ऐकू येतं. म्हणून ही गोष्ट मला निम्मी कानांनी माहीत आहे. उरलेली दादाने सांगितली, आणि जिथे जिथे तो स्वतःला सांभाळून घेत होता, तिथे वहिनीने दुरुस्त केली.

दादा वाईट मेकॅनिक नाही. गाडी कोपऱ्यावरून वळते ना वळते तोच तो आवाजावरून रोग सांगतो. इंजिन उतरवणं, गिअरबॉक्स छातीशी धरून बाहेर काढणं ही कामं त्याची. आडदांड माणूस, हात फावड्यासारखे. बारीक कामाला मात्र त्याच्याकडे धीर नाही. लहानपणी बुटाच्या नाडीची गाठ सुटली नाही की तो सरळ कात्री आणायचा.

वहिनी याच्या उलट. तिचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, त्यामुळे बारीक स्क्रू, बारीक स्प्रिंगा यांच्यातच ती वाढली. लग्न होऊन आली तेव्हा गॅरेजच्या फोनपाशी बसायची. मग अप्पांचा हात थरथरायला लागला. एके दिवशी ते एका गाडीच्या मागच्या एक्सलला सील बसवत होते. सील म्हणजे रबराची जाड चकती, मधे भोक. चाकाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे ती बसते आणि आतलं तेल आत ठेवते. सरळ बसली पाहिजे, एवढंच. आणि तेवढंच अवघड. अप्पांच्या हातून ती सारखी तिरकी जात होती. वहिनी फोनपाशी बसून बघत होती. शेवटी उठली.

"मी धरू का?"

"धर."

"आता मी ठोकू का?"

अप्पांनी हातोडी तिच्या हातात दिली.

दादा तेव्हा शेजारच्या गाडीखाली उताणा पडलेला. त्याला दोघांची फक्त पावलं दिसत होती. हातोडीचे हलके ठोके ऐकू आले, आणि मग अप्पांचा आवाज: "वा."

दादा म्हणतो, "मला अप्पांनी आयुष्यात 'हं' दिलाय. 'बरं' दिलाय. एकदा ताप भरला होता तेव्हा 'झोप' दिलाय. 'वा' कधी नाही."

त्यानंतर अप्पांनी तिला आपलं कडं देऊन टाकलं. हे कडं म्हणजे जुन्या बेअरिंगची बाहेरची पोलादी कडी, अप्पांनी स्वतः घासून घासून सीलच्या मापाला आणलेली. ती सीलवर ठेवायची आणि वरून ठोकायचं, म्हणजे मार सगळीकडून सारखा बसतो. दादाला ते शाळेत असल्यापासून हवं होतं. मागितलं मात्र कधीच नाही.

"सासरे सुनेला कडं देतात," तो त्या रात्री जेवताना म्हणाला, "पण ते सोन्याचं. आमच्याकडे लोखंडाचं."

"तुला हवं होतं का?" अप्पांनी विचारलं.

"मला काय करायचंय."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. दादाच्या पोटात जे दुखायला लागलं ते लागलंच.

त्यात भर खुणांची. आमच्या गॅरेजचा जुना नेम आहे: ज्याने काम केलं त्याने चाकावर खडूने आपली खूण करायची. अप्पांची फुली, दादाची उभी रेघ. काम उलटून परत आलं तर कुणाचं ते विचारत बसायला नको. वहिनी कामं करायला लागली तेव्हा तिने गोल निवडला. आणि गिऱ्हाइकं काय, हळूहळू खुणा वाचायला शिकली. "आमच्या गाडीवर गोल हवा हं," असं लोक चहा सांगावा तसं सांगायला लागले. उभी रेघ कुणी मागितल्याचं मी तरी वर स्वयंपाकघरात कधी ऐकलं नाही.

आता काचवाले. यांचं दुकान बाजाराच्या टोकाला. खिडक्यांच्या काचा कापायच्या आणि पिकअपमधून पोचवायच्या. पिकअपच्या मागे लाकडी घोडा ठोकलेला, त्याला काचा तिरप्या टेकवून दोरीने बांधायच्या, आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस आधाराला बसवायचा. काचवाले स्वतः गाडी चालवतात, ती वरातीच्या घोड्यासारखी. मागे काच असली की फोन कप्प्यात बंद. देवाने हाक मारली तरी घ्यायचा नाही, असं ते म्हणतात.

त्या सोमवारी संध्याकाळी ते आले आणि गॅरेजच्या दारात गाडी बंद न करताच खाली उतरले.

"ताई आहेत का?"

"मी आहे," दादा म्हणाला.

"ते दिसतंय. ताई?"

"काय झालंय गाडीला?"

"मागच्या डाव्या चाकाला आतून तेल सुटलंय. ताई बघतील."

दादा वाकला, चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं, नाकाशी नेलं. सडक्या अंड्यासारखा वास. ब्रेकचं तेल नव्हे, एक्सलचं. टायरच्या आतल्या अंगावर काळे ओघळ आले होते.

"सील गेलंय," तो म्हणाला. "यात बघायचं काय आहे?"

"बघायचं नाही हो, बसवायचं आहे," काचवाले म्हणाले. "ते ताईंनी."

वहिनी पदराने हात पुसत जिन्यावरून खाली आली आणि म्हणाली, उद्या सकाळी गाडी सोडून जा, दुपारपर्यंत देते. काचवाले तिला नमस्कार करून गेले. दादाला नुसता हात केला.

रात्रीत वहिनीची दाढ उसळली. सकाळी तिचा एक गाल असा फुगला होता की डोळा त्यात बुडाला. अप्पांनी टोपी घातली, काठी घेतली.

"चल. मी येतो दातवाल्याकडे."

"तुम्ही कशाला? मी नेतो की," दादा म्हणाला.

"तू गॅरेज बघ. काचवाल्यांना सांग, आज नाही जमत, उद्या करू."

रिक्षा गेली. दादा मला म्हणाला, "माझी दाढ दुखत होती तेव्हा अप्पा काय म्हणाले होते आठवतं?"

"काय?"

"तोंड मिटून बस, वारा लागेल."

काचवाले आले, किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "ताईंना सांगा, दुपारी नेतो." दादाने "उद्या" म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं" म्हणून मिटलं. ते वळल्यावर त्याने शटर अर्धं ओढलं. आपण गुपचूप काहीतरी करतोय हे त्याचं त्यालाही कळत होतं.

त्याचा बेत असा: काम आपण करायचं आणि चाकावर गोल काढायचा. काचवाले चार दिवस फिरतील, येऊन म्हणतील, ताईंच्या हाताला तोड नाही. तेव्हा सगळ्यांसमोर, अप्पांसमोर म्हणायचं, "तो गोल माझा होता." एवढंच. पुढे काय, ते त्याने ठरवलं नव्हतं. पुढे त्याला फक्त सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

काम त्याने सुरुवातीला झकास केलं. नट ढिले केले, जॅक लावला, घोडीवर गाडी टेकवली, चाक काढलं, ड्रम काढला. आत ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलात भिजून तुपकट झालेले. नवे काढून ठेवले. मागचे नट सोडून दांडा हिसके देत बाहेर ओढला, जुनं सील उचकटलं, त्याची बैठक रॉकेलने धुतली. नवं सील पिशवीतून काढलं आणि इथे थांबला.

वहिनीचा कामाचा कोट खुंटीवर होता. कडं कोटाच्या खिशात होतं, फडक्यात गुंडाळलेलं. आत गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"का नाही घेतलंस?" मी त्याला नंतर विचारलं.

"तिचं आहे ते."

"तिनेच दिलं असतं."

"म्हणूनच तर."

त्याने लाकडाचा ठोकळा घेतला आणि हातोडी घेतली. पहिल्याच ठोक्याला सील तिरकं गेलं. एक कड आत, एक बाहेर. दादाने शिवी घातली, पेचकस घालून ते उचकटून काढलं, मांडीवर घेऊन चेपून चापून सरळ केलं. दुसरं सील आणायचं तर पार्टच्या दुकानात फोन, म्हणजे तिथला पोरगा येणार, म्हणजे विचारणार, ताई कुठे आहेत. त्याने तेच सील पुन्हा ठेवलं आणि यावेळी दातावर दात धरून, इकडे एक, तिकडे एक, असं ठोकत आत नेलं. दिसायला सरळ बसलं. दांडा आत, नवे लायनर, ड्रम, चाक, तेल भरलं. मग खडू घेतला आणि काळ्या टायरवर पांढरा गोल काढला. तो म्हणतो, गोल काढायला त्याला सीलपेक्षा जास्त वेळ लागला. त्याचा पहिला गोल अंड्यासारखा आला होता.

काचवाले आले. आधी चाकाकडे बघितलं, मग दादाकडे.

"झालं ना? ताईंनीच केलं ना?"

"खूण बघा की."

"तेच बघतोय." त्यांनी गोलावरून अंगठा फिरवला. "बघा, हे असं काम. यात आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही. तुम्ही शिका जरा."

दादाला आतून गुदगुल्या झाल्या आणि त्याच जागी काहीतरी टोचलंही. गाडी गेली.

वहिनी आणि अप्पा परत आले तेव्हा वहिनीची दाढ काढून टाका घातलेला होता आणि तोंडात कापसाचा बोळा होता. तिने भुवया वर करून, हाताने चाक फिरवल्यासारखं करून विचारलं.

"येऊन गेले," दादा म्हणाला. "तू जा वर, झोप."

यात खोटं काय आहे? असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, काहीच नाही, म्हणूनच तर तू दोनदा सांगतोयस.

मग तो झाडायला लागला. पसारा आवरताना काळं फडकं झटकलं आणि जमिनीवर टिण् असं काहीतरी पडलं. त्याने उचललं. तारेची स्प्रिंग होती, पेनातल्या स्प्रिंगपेक्षा नाजूक, दोन्ही टोकं जोडून गोल केलेली. सीलच्या आतल्या ओठाभोवती ती बसलेली असते. तीच तो ओठ दांड्याला आवळून धरते. ती नसली तर सील म्हणजे नुसती रबराची चकती.

जुन्याची असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. भंगाराच्या डब्यातून जुनं सील काढलं. त्याची स्प्रिंग जागेवर होती. गंजलेली, पण जागेवर.

म्हणजे पेचकसाने उचकटताना नव्याची उडाली होती. गाडी स्प्रिंग नसलेल्या सीलवर गेली होती. तेल आज ना उद्या सुटणार, नव्या लायनरवर जाणार, आणि ते चाक ब्रेक धरायचं नाही. आणि त्या चाकावर गोल होता.

मी वरून हाक मारली, "जेवायला ये रे."

तो आला. स्प्रिंग शर्टाच्या खिशात. ताटावर बसला. वहिनीने बोळा काढून टाकला होता. ती वाटीतून गार दूध चमच्याने घेत होती, तोंडाच्या एका बाजूने. अप्पा तिला म्हणत होते, "सावकाश. घाई नाही."

मग दादाकडे वळून म्हणाले, "उद्या काचवाले आले की सील तिलाच करू दे. तू हात घालू नकोस."

"का? मला येत नाही?"

"येतं. पण ते काम घाईचं नाही."

"मी घाई करतो?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलंत की."

"बरं, म्हटलं," अप्पा म्हणाले आणि ताक प्यायले.

दादाने मला प्रामाणिकपणे सांगितलं, त्या क्षणी त्याला काय वाटलं ते. त्याला वाटलं, गळू दे. एकदा गळू दे. ती पिकअप परत येऊ दे, चाकावर तेलाचे ओघळ आणि मधोमध हिचा गोल. अप्पांनी तो गोल बघावा आणि एकदा, फक्त एकदा, हिच्याकडे बघून तसं गप्प व्हावं, जसे ते माझ्याकडे बघून आयुष्यभर झालेत. मी काही बोलणार नाही. मी फक्त शेजारी उभा राहीन. त्याने खिशावर हात ठेवला. स्प्रिंग इतकी हलकी होती की लागतसुद्धा नव्हती.

तेवढ्यात वहिनी अर्ध्या तोंडाने बोलली. शब्द जाड येत होते, पण कळत होते.

"उद्या म्हणजे... त्यांना आजच जायचं होतं ना."

"कुठे?"

"नदीकडच्या शाळेत काचा. आज दुपारी. काल मला म्हणाले. म्हणून तर मी घाई करत होते." तिने गाल धरला. "गाडी तशीच नेली नाही ना त्यांनी? तो सगळा उतार आहे. मागे माणसं बसतात हो, काचा धरून."

दादा उठला. ताटात अन्न तसंच.

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

"आलो."

"हात तरी धू."

खाली स्कूटरचा आवाज आला. वहिनी चमचा वाटीत ठेवून त्या आवाजाकडे बघत राहिली. आवाजाकडे कुणी बघत नाही, पण ती बघत होती.

बाजार, मग काचवाल्यांचं दुकान. दुकानात कामाला असलेली बाई म्हणाली, "काचा चढवून आत्ताच निघाले." दादाने फोन लावला, तो कप्प्यात वाजत राहिला असणार. तो सांगतो, त्या रस्त्यावर त्याने प्रत्येक पिकअपमध्ये काचा बघितल्या. एका गाडीत गाद्या होत्या, त्यासुद्धा त्याला क्षणभर काचा वाटल्या.

उतार सुरू होतो तिथे पाण्याची टाकी आहे. काचवाले तिच्या सावलीत थांबले होते, दोरीच्या गाठी पुन्हा आवळत. मागे दोन माणसं, एक इकडे, एक तिकडे, आणि मधे काचा. दादाने स्कूटर गाडीच्या समोर आडवी लावली, स्टँडसुद्धा न लावता, ती पडलीच.

"अहो," काचवाले म्हणाले, "माझ्या गाडीला आपटली असती."

दादा थेट चाकाशी बसला, आतून बोट फिरवलं. अजून ओघळ नव्हता. ओल होती. वास होता.

"खाली नका नेऊ," तो म्हणाला. "सील धरत नाहीये. उतारावर ब्रेक सोडेल हे चाक."

काचवाले चाकाकडे बघत राहिले, मग गोलाकडे. दादा उभा राहिला. उत्तर त्याच्याकडे आयतंच होतं. त्याने फक्त गप्प राहायचं होतं.

आणि काचवाले हसले. रागावले नाहीत, हसले, आणि इतकं मऊ बोलले की दादाने त्यांच्या तोंडून तसं कधी ऐकलं नव्हतं.

"असू दे हो. ताई काय, माणूसच आहेत. एवढ्या कामात एखादं चुकतं. त्यांना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. बिचाऱ्यांनी तुम्हाला एवढं पळत पाठवलं, हेच केवढं."

दादा म्हणतो, त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिचं काम तर काम, हिची चूकसुद्धा गोड. गेल्या पावसाळ्यात दादाकडून एक वायर उलटी जोडली गेली होती, तेव्हा हेच काचवाले आख्ख्या बाजाराला सांगत फिरले होते. आणि वर हे धावत आलेले पायसुद्धा हिच्याच नावावर.

"तिने नाही पाठवलं," तो म्हणाला.

"मग?"

"मी आलो. आणि सील तिने नाही बसवलं. मी बसवलं."

"तुम्ही?"

"मी. तिरकं गेलं, मी काढलं, तेच पुन्हा ठोकलं. त्यात ही उडाली." त्याने स्प्रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली. "चूक माझी आहे. पूर्ण माझी. तिचा यात काडीचा संबंध नाही."

मागच्या माणसांपैकी एकजण म्हणाला, "चूक असली तरी किती हक्काने मागतायत बघा."

काचवाले हसले नाहीत. "मग गोल कुणी काढला?"

दादा पडलेली स्कूटर उभी करायला लागला.

"दादा, गोल कुणी काढला?"

"मी."

"का?"

यावर त्याने काय उत्तर दिलं ते तो सांगत नाही. वहिनीने काचवाल्यांना विचारलं, तर तेही म्हणाले, "ते जाऊ द्या ताई. तिथे टाकीपाशी राहिलं ते."

गाडी सपाटीच्या रस्त्याने, माणसाच्या चालीने परत आणली. काचा उतरवल्या आणि गॅरेजच्या भिंतीला ओळीने टेकवल्या, खाली पोती घालून. आख्खं गॅरेज त्यात दिसायला लागलं, त्यातच वहिनी जिन्यावरून खाली येताना दिसली, गाल धरून, आणि मागे काठी टेकत अप्पा. दादाला वळून बघायचं नव्हतं, पण समोर काचा होत्या.

त्याने त्या काचेतच बघत सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकलं. वहिनीनेही ऐकलं. ती चाकापाशी गेली, खाली बसली आणि तळहाताने गोल पुसला. नीट पुसला, कडेपर्यंत, हात काळा होईपर्यंत. दादाकडे बघितलं नाही. अप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं. आमच्या घरात अप्पांना कुणी असं थांबवल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. ते थांबले.

मग ती उठून खुंटीकडे गेली. कोटातून फडकं काढलं, ते सोडून कडं दादाच्या पुढे धरलं.

"तुम्ही करा," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली.

"तू कर. त्यांना तुझं हवंय."

"मला तोंड उघडता येत नाही. हातोडी नाही उचलवत." आणि थोडं थांबून, "मला आज तुमच्या शेजारी बसायचंसुद्धा नव्हतं."

"मग कशाला बसतेस?"

"माझं नाव होतं त्याच्यावर."

दादाने कडं घेतलं. काचवाल्यांनी पार्टच्या दुकानातून नवं सील मागवलं. ते येईपर्यंत मागची दोन माणसं चहा पीत होती आणि काचेत स्वतःचे केस नीट करत होती. सील आलं. दांडा बाहेर ओढला, सकाळचं सील काढलं, बैठक पुसली. वहिनी टायरवर बसली होती. तिला बोलवत नव्हतं म्हणून ती नुसतं बोट हलवत होती. दादाने सील ठेवलं, बोट डावीकडे. त्याने सरकवलं, बोट थांबलं. त्याने कडं ठेवलं, हातोडी उचलली. तिचा आख्खा तळवा वर. त्याने हातोडी अर्ध्या उंचीवर आणली. तळवा तसाच. आणखी खाली. मग तळवा खाली झाला. त्याने ठोकलं. बोट. ठोकलं. बोट. मधेच त्याने एकदा जोरात मारायला हात उचलला तर तिने जिभेने असा काही टच्च आवाज केला की अप्पासुद्धा दचकले, आणि तिला स्वतःलाच इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं.

सील बसलं. दादाने नखाने कड तपासली, सगळीकडून सारखी. मग दांडा, तो मात्र त्याने एकट्याने धरला, वर उचलून, आत नेताना सीलच्या ओठाला टेकू न देता. एवढा जड दांडा तसा अधांतरी धरणं हे वहिनीला जमत नाही, अप्पांना तर आता मुळीच नाही. तो आत गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

लायनर धुऊन कोरडे करून बसवले, चाक लावलं. अप्पा काठीवर वाकून बघत होते. दादाने वर बघितलं. तो म्हणतो नाही बघितलं, पण मी जिन्यात होते.

अप्पा म्हणाले, "हं."

काचवाल्यांनी चाक हाताने फिरवून बघितलं, वाकून आत बघितलं, आणि सरळ होत दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान बसलं हो. ताई शिकवतात छान."

दादाचा चेहरा मला काचेत दिसला. तो काहीतरी सणसणीत बोलणार होता. मग त्याने हातोडी खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसायला लागला, एकेक बोट.

"शिकवतात," तो म्हणाला. "बोलता येत नसलं की जरा जास्तच."

वहिनी हसायला लागली आणि गाल धरून तिथेच वाकली.

"हसू नकोस," दादा म्हणाला. "टाका उसवेल. परत अप्पा जातील तुझ्याबरोबर."